द्राक्षबागेतल्या मुलांना विज्ञान आणि कृषी शिक्षणाकडे कसे न्यावे

भात आणि नागलीची कापणी उरकली की सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या बागायती पट्ट्यात मजुरीसाठी उतरतात. आईवडील द्राक्षमण्यांची विरळणी आणि डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणे या कामांत असतात, लहान भावंडे बांधावर खेळतात आणि सातवी-आठवीतील मुलगी त्यांना सांभाळत दिवसभर बाग पाहत असते. केवडा या रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला कशी दिसते, मणी केवढा झाल्यावर घड पुन्हा बुडवतात, सकाळी दव दिसले की बागेचा मालक का अस्वस्थ होतो, हे तिला कोणी शिकवलेले नसते, तरी ठाऊक असते. तीच मुलगी शाळेत परतते तेव्हा विज्ञानात कच्ची ठरते, कारण मधल्या काळातील सगळे धडे बुडालेले असतात.

हे मार्गदर्शन अशा मुलामुलींच्या आसपास वावरणाऱ्यांसाठी आहे : शिक्षक, आश्रमशाळेचे अधीक्षक, बागायतदार, कृषी महाविद्यालयातील विद्यार्थी आणि घरातून पहिल्यांदा कॉलेजपर्यंत पोहोचलेला एखादा थोरला भाऊ किंवा बहीण. या मुलांची वाट ठरावीक ठिकाणी तुटते. हंगामी स्थलांतरात, आठवीच्या गणितात, दहावीनंतरच्या शाखानिवडीत, अकरावीच्या इंग्रजीत आणि बारावीनंतरच्या कागदपत्रांत ती तुटते. त्या त्या ठिकाणी एक जाणते माणूस उभे राहिले तर मूल पुढे सरकते. असे माणूस नसेल, तर स्नेहसंमेलनातील कितीही चांगल्या भाषणाचा त्याला उपयोग होत नाही.

पाहिलेल्या कामातील विज्ञान उलगडून दाखवा

सुरुवात जिबरेलिक ॲसिडपासून करावी. बागेत ‘जी.ए.’ हे नाव प्रत्येक मजुराच्या तोंडी असते, परंतु तो वनस्पतीच्याच वाढीचा संप्रेरक आहे हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या शोधाची गोष्ट भात पिकवणाऱ्या घरातील मुलांना लगेच भिडते. जपानी शेतकऱ्यांच्या भातात काही रोपे विलक्षण उंच, फिकट आणि लुकडी होऊन कोलमडून पडत. १९२६ मध्ये एइची कुरोसावा या संशोधकाने दाखवून दिले, की ही वाढ त्या रोपांवरील बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होते. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. भातावरील एका रोगाच्या अभ्यासातून सापडलेले हे द्रव्य आज नाशिकच्या घडाचा देठ लांबवते आणि मणी फुगवते, एवढे सांगितले की पुढचे प्रश्न मुलेच विचारू लागतात.

त्यानंतर गणित घ्यावे. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतील एक भाग. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम द्रव्य म्हणजे १००० पीपीएम, शंभर लिटरमध्ये एक ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. मग २०० लिटरच्या टाकीत ४० पीपीएमचे द्रावण करायचे असेल तर किती ग्रॅम लागतील? उत्तर ८ ग्रॅम येते, आणि ते स्वतः काढलेल्या मुलाला प्रमाण आणि गुणोत्तर हा धडा पुन्हा परका वाटत नाही. प्रात्यक्षिकासाठी खाण्याचा रंग वापरावा. एक ग्रॅम रंग एक लिटर पाण्यात विरघळवावा, त्यातील १० मिलिलिटर मोजून घेऊन पुन्हा एक लिटर द्रावण करावे, आणि फिकट होत गेलेल्या रंगाकडे पाहून १० पीपीएम म्हणजे किती थोडे, याचा अंदाज मुलांना घेऊ द्यावा.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. खरे जी.ए., छाटणीनंतर काडीला लावायची पेस्ट किंवा कोणतेही कीटकनाशक मुलांच्या हाती द्यायचे नाही, आणि फवारणी चालू असताना त्यांना बागेत थांबू द्यायचे नाही. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला मजुरीवर ठेवता येत नाही, तसेच १४ ते १८ वयोगटातील मुलांना धोक्याच्या कामांवर लावता येत नाही. मुलाला बागेतील ज्ञान आहे हे कौतुकाचे आहे, परंतु त्या कौतुकाच्या आडून त्याची मजुरी चालू राहणार असेल तर आपण त्याचे नुकसानच करतो. मुलाने बाग पाहावी, मोजावी, नोंदवावी. घड बुडवण्याचे काम मोठ्यांचे आहे.

नोंदवही हे या वयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन आहे, असे माझे मत आहे. प्रत्येक मुलाला शंभर पानी वही द्यावी आणि एका हंगामात एकच गोष्ट मोजायला सांगावी. ज्या गावात कांदा साठवण्याची हवेशीर चाळ आहे तेथे उन्हाळ कांद्याची दहा किलोची एक जाळीची पिशवी भरून चाळीत ठेवावी आणि दर आठवड्याला तिचे वजन करून किती कांदे सडले, किती कोंबले आणि किती नुसतेच सुकले, हे लिहावे. पावसाळा सुरू होईपर्यंत मुलांकडे घटीचा आलेख तयार होतो. पुढे लाल कांदा बाजारात आला की त्याचीही अशीच पिशवी ठेवावी. उन्हाळ कांदा कित्येक महिने टिकतो आणि लाल कांदा लवकर का खराब होतो, हा प्रश्न मग पाठ्यपुस्तकात शोधावा लागत नाही, तो वहीतच उभा राहतो.

ज्या पाड्यावर कांदा नाही तेथे बियाण्याची उगवण चाचणी घ्यावी. घरच्या नागलीचे किंवा भाताचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि किती उगवले ते मोजावे. घरचे बियाणे, शेजाऱ्याचे बियाणे आणि दुकानातील पिशवीतले बियाणे अशी तुलना केली की मुलांच्या निष्कर्षाला घरात किंमत येते, कारण पेरणीपूर्वी वडिलांनाही ती माहिती हवीच असते. कागदी घडीचा फोल्डस्कोप नावाचा सूक्ष्मदर्शक शाळेला मिळवता आला तर उत्तम. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी आणि केवडा पडलेल्या पानाच्या खालची बुरशी, एवढ्या दोन गोष्टी जरी मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या तरी वर्षभराच्या जीवशास्त्राला आधार मिळतो.

जवळची ठिकाणे दाखवा

नाशिक जिल्ह्यात शेतीच्या विज्ञानाची जितकी ठिकाणे आहेत तितकी फार थोड्या जिल्ह्यांत असतील, आणि तरीही शाळांच्या सहली त्यांच्या दारावरून पुढे निघून जातात. निफाडजवळ कुंदेवाडी येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात ‘निफाडचा पारा घसरला’ अशी जी बातमी येते, तिच्यातील आकडा बहुधा याच केंद्रातील तापमापकावरचा असतो. तो तापमापक मुलांना दाखवावा, त्याची पांढरी लाकडी पेटी जमिनीपासून उंचावर का असते हे विचारावे, आणि मग थंडीच्या पहाटे बागायतदार बागेत शेकोट्या का पेटवतात किंवा ठिबक का चालू करतात यावर बोलावे. याच केंद्रातून गव्हाचे ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ आणि ‘गोदावरी’ हे वाण आले आहेत. आपल्या नदीचे नाव मिरवणारे बियाणे आपल्याच तालुक्यातील माणसांनी वर्षानुवर्षे निवड करून तयार केले, हे कळल्यावर संशोधन ही दूरच्या शहरातील गोष्ट राहत नाही.

चितेगाव येथील राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानाच्या प्रक्षेत्रावर कांद्याच्या वाणांचे काम पाहता येते. ‘ॲग्रिफाउंड डार्क रेड’ आणि ‘ॲग्रिफाउंड लाइट रेड’ हे वाण त्याच संस्थेचे आहेत. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले विकिरण केंद्र २००२ पासून आहे. तेथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा अल्प मात्रेचा मारा करून कांद्याला कोंब येण्याची क्रिया रोखता येते. २००७ मध्ये भारतीय आंबा अमेरिकेत पुन्हा जाऊ लागला तो याच केंद्रातून विकिरण होऊन. अशा ठिकाणी आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, म्हणून अर्ज काही आठवडे अगोदर करावा आणि त्यात मुलांची इयत्ता व संख्या स्पष्ट लिहावी. पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या शाळांना इगतपुरीचे विभागीय कृषी संशोधन केंद्र जवळ पडते. तेथे भात आणि खुरासणी (कारळे) या पिकांवर काम चालते, म्हणजे मुलांच्या घरच्याच पिकांवर. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्रही नाशिक शहराला लागूनच आहे.

सहलीत एक पथ्य पाळावे. मुलांना केवळ फिरवून आणू नये. तेथे काम करणाऱ्या एका तरी माणसाशी, शक्यतो तरुण तंत्रज्ञ स्त्रीशी, त्यांना अर्धा तास बोलू द्यावे. तुम्ही कोणत्या गावच्या, दहावीला किती गुण होते, इंग्रजी जमत होते का, पहिला पगार आल्यावर घरी काय म्हणाले, असे प्रश्न मुलांनी आधी वर्गात लिहून काढावेत. याशिवाय जून ते ऑक्टोबरच्या सुमारास कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावोगाव राहायला येतात. गावात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. ते ग्रामपंचायतीत माती परीक्षणाचे प्रात्यक्षिक दाखवून निघून जातात आणि शाळेला त्यांचा पत्ताही लागत नाही. मुख्याध्यापकांनी त्यांना स्वतः बोलावून आठवी ते दहावीच्या वर्गावर पाठवावे. बावीस वर्षांची कृषिकन्या समोर उभी राहून ‘मी पण आश्रमशाळेतच शिकले’ असे म्हणते, तेव्हा तिचे बोलणे मुली कान देऊन ऐकतात.

दूरची दोन उदाहरणे, जी येथे लागू पडतात

अमेरिकेतही शेतमजुरीचा मोठा भार मेक्सिकोतून आलेल्या लॅटिनो कुटुंबांवर आहे, आणि पिकामागे हिंडणाऱ्या त्यांच्या मुलांचेही शिक्षण असेच तुटत आले आहे. होसे हर्नांडेझ हे अशाच एका कुटुंबातील. आईवडील मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातले. दरवर्षी काही महिने कॅलिफोर्नियातील शेतांत स्ट्रॉबेरी आणि काकडी तोडायची आणि मग परत गावी जायचे, असा त्यांचा क्रम होता. इयत्ता दुसरीच्या शिक्षिकेने घरी येऊन वडिलांना सांगितले, की हे फिरणे थांबवा आणि मुलांना एका शाळेत टिकू द्या. वडिलांनी ते ऐकले. होसे यांना बारा वर्षांचे होईपर्यंत नीट इंग्रजी येत नव्हते. पुढे ते अभियंता झाले, नासाने त्यांचा अर्ज अकरा वेळा नाकारला, बाराव्या वेळी २००४ मध्ये त्यांची निवड झाली आणि २००९ मध्ये ते अंतराळात जाऊन आले. सुरगाण्यातही आता स्ट्रॉबेरी पिकते, त्यामुळे मुलांना या माणसाचे बालपण समजावून सांगावे लागत नाही. मात्र शिक्षकांनी त्यातील अंतराळयानापेक्षा शिक्षिकेच्या त्या भेटीकडे अधिक लक्ष द्यावे.

दुसरे उदाहरण वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे आहे. परदेशातील भारतीयांनी स्वातंत्र्यासाठी उभारलेल्या गदर चळवळीतील हा क्रांतिकारक अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचला, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला आणि मक्याच्या वाणांवर काम करू लागला. तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषी शाळा चालवल्या, म्हणजे लॅटिन अमेरिकेतील कष्टकऱ्यांना शेतीचे विज्ञान शिकवणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतील भित्तिचित्रात त्यांना चितारले आहे. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. आपल्या शाळांच्या भिंतींवर त्यांचे छायाचित्र क्वचितच दिसते, याची मला खंत वाटते.

आईवडिलांशी बोलताना

मुलाची आवड जागी करणे तुलनेने सोपे आहे. निर्णय मात्र घरात होतो, आणि तेथे शिक्षकाने मुलाच्या अनुपस्थितीत एकदा आणि उपस्थितीत एकदा, असे दोनदा बोलावे. भेटीची वेळ आईवडिलांच्या कामाच्या हिशेबाने निवडावी. बागेवर असतील तर संध्याकाळी मुकादमाने हजेरी घेतल्यानंतर, गावी असतील तर बाजाराच्या दिवशी दुपारी बोलणे सोयीचे पडते. घरात कोकणा किंवा वारली बोली चालत असेल तर ती जाणणाऱ्या एखाद्या तरुणाला सोबत न्यावे.

पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी हाच असतो : “गुरुजी, शेतीच करायची तर शिकायचं कशाला?” याला उत्तर देताना शेतीचे गुणगान करू नये, कारण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून काढले त्यांना ते खोटे वाटते, आणि तसे वाटणे रास्त आहे. त्याऐवजी कामे आणि पदे नावानिशी सांगावीत. “दादा, तुमची सुनीता शेतावर रोजाने जाणार नाही. ज्या प्रयोगशाळेत द्राक्षातलं औषध तपासतात तिथं ती बसेल, नाहीतर बँकेत शेतीकर्जाची अधिकारी होईल, नाहीतर तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाईल,” असे बोलणे त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभे करते. लोकसेवा आयोगाची महाराष्ट्र कृषी सेवा, बँकांमधील कृषी क्षेत्र अधिकारी, बियाणे कंपन्या, ठिबक कंपन्या, ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, निर्यातीची पॅकहाउसे, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्या, ही सगळी नोकरीची ठिकाणे आईवडिलांनी निदान रस्त्याने जाताना पाहिलेली असतात.

प्रयोगशाळेचे महत्त्व पटवायचे असेल तर २०१० सालची घटना सांगावी. त्या वर्षी युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले, तेथील बाजारांनी माल रोखला, आणि बागायतदारांपासून मजुरांपर्यंत सगळ्यांनाच त्याची झळ बसली. एका रसायनाचा वेळेवर शोध न लागल्याने अख्खा हंगाम हातचा जाऊ शकतो, आणि तो शोध घेणारे माणूस रसायनशास्त्र शिकलेलेच लागते, हे बागेवर काम केलेल्या आईवडिलांना पटवायला वेळ लागत नाही.

दुसरा अडसर पैशाचा आणि तिसरा मुलीच्या बाबतीत अंतराचा. “पोरगी एकटी राहुरीला कशी राहील?” या प्रश्नाला वसतिगृहाचे नाव, अधीक्षिकेची भेट आणि त्याच भागातून तेथे गेलेल्या एखाद्या मुलीच्या आईशी गाठ, एवढेच खरे उत्तर आहे. शक्य असेल तर मुलीला बारावीच्या आधीच एकदा आईसह ते आवार दाखवून आणावे. लग्नाची बोलणी सुरू झाल्याची कुणकुण लागली तर वाट पाहू नये, त्याच आठवड्यात घरी जावे.

जे मूल विज्ञानाकडे जाऊ इच्छीत नाही, त्याला ओढू नये. मात्र ‘मला जमणार नाही’ आणि ‘मला आवडत नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिलीला दुसरी समजून सोडून दिलेली मुले फार आहेत.

आठवी ते बारावी : कोठे काय करावे

कुटुंब स्थलांतरासाठी निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे बागेजवळच्या शाळेत त्याला बसता येते आणि परत आल्यावर त्याचा वर्ग तुटत नाही. बागायतदारांनी आपल्या बागेवरील मुलांची यादी जवळच्या जिल्हा परिषद शाळेला कळवली आणि सकाळी त्यांना शाळेपर्यंत सोडण्याची व्यवस्था केली, तर तो या सगळ्या प्रयत्नांतील सर्वांत मोलाचा वाटा ठरेल.

पाचवीत असतानाच खेडगाव येथील जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरावा. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिच्यात निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. घरून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी ती आहे. तिच्या तयारीत बुद्धिमत्ता चाचणीसोबत गणिताचा पायाही पक्का होतो, म्हणून निवड होवो न होवो, परीक्षेला बसवणे फायद्याचेच आहे.

दहावीनंतर दोन वाटा आहेत. ज्याला लवकर कमावते व्हायचे आहे त्याच्यासाठी दहावीनंतरचा कृषी पदविका अभ्यासक्रम आहे. ज्याला पदवी, संशोधन किंवा अधिकारी पद हवे आहे त्याने अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून करावी, कारण चार वर्षांच्या बी.एस्सी. कृषीसाठी विज्ञान शाखा आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा लागते. पन्नास-पंचावन्न टक्के मिळालेल्या मुलाला ‘कला शाखा घे, सोपी आहे’ असे सरसकट सांगण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. त्याआधी हे गुण कशामुळे कमी आले, स्थलांतरामुळे की समजण्यातील अडचणीमुळे, हे एकदा तपासावे.

अकरावीत खरा धक्का बसतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलासमोर एका दिवसात सगळे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र इंग्रजीतून येते, प्राध्यापक वेगाने शिकवतात, आणि दोन महिन्यांत ते मूल मागच्या बाकावर गप्प बसू लागते. यावर उपाय दहावीची परीक्षा संपल्यावरच्या सुटीत करायचा असतो. त्या आठ-दहा आठवड्यांत रोज दोन तास घेऊन आठवी ते दहावीच्या विज्ञानातील संज्ञा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही रूपांत वहीत समोरासमोर लिहून घ्याव्यात. केवळ पाठ करून घेऊ नयेत, त्या वापरून लहान वाक्ये करायला लावावीत. ज्या मुलाने ‘प्रकाशसंश्लेषण’ मराठीतून नीट समजून घेतले आहे त्याला ‘फोटोसिंथेसिस’ ही नवी संकल्पना नसते, फक्त नवी ओळख असते. गावातील बारावी झालेला विद्यार्थी हे वर्ग घेऊ शकतो, आणि त्याला त्याचे मानधन ग्रामपंचायतीने किंवा एखाद्या बागायतदाराने दिले तर तोही ते मनापासून करतो. अकरावी सुरू झाल्यावर दोन किंवा तीन अशा मुलांना एकत्र अभ्यासाला बसवावे. एकटे मूल पहिल्या चाचणीनंतर खचते.

सीईटीसाठी नाशिक शहरातील महागडी शिकवणी अनिवार्य नाही. राज्य मंडळाची अकरावी-बारावीची पुस्तके, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि घड्याळ लावून केलेला संगणकावरील सराव एवढ्यावर कृषी प्रवेशापुरते चांगले गुण मिळवता येतात. परीक्षेत नकारात्मक गुण नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे मात्र मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

कागदपत्रे

हुशार मूल अभ्यासात टिकले आणि दाखल्यावाचून प्रवेशाला मुकले, याहून वाईट काही नाही. जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तेथे नॉन-क्रिमीलेयर, आधारशी जोडलेले बँक खाते आणि शेती असल्यास सातबारा, एवढा संच अकरावीतच एका फाइलमध्ये तयार व्हायला हवा. वैधता प्रमाणपत्राला सर्वाधिक वेळ लागतो, कारण त्यासाठी वडील, चुलते आणि आजोबांचे शाळेचे जुने दाखले शोधावे लागतात आणि त्यांतील नावांत एका अक्षराचा फरक असला तरी खुलासा द्यावा लागतो. म्हणून अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करावा. आजोबा कधी शाळेतच गेले नसतील तर जन्म-मृत्यू नोंदवहीचे उतारे आणि इतर जुने महसुली पुरावे कामी येतात, ते आधीच गोळा करून ठेवावेत.

पैशाच्या बाबतीत आईवडिलांना तोंडी आश्वासन देऊ नये, कागद दाखवावा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळणारी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे, आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास राहण्याजेवण्याच्या खर्चासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच असल्याने शंका असल्यास प्रत्यक्ष जाऊन विचारता येते. इतर मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरते. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होते, त्यामुळे घाईने व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊ नये.

पसंतीक्रम भरताना जवळ कोणीतरी बसावे. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. प्रत्येकाची शासकीय महाविद्यालये आधी आणि खाजगी महाविद्यालये नंतर, अशा क्रमाने यादी भरणे बहुतेकांना परवडते. नाशिकमध्येच राहायचे असेल तर के. के. वाघ शिक्षणसंस्था आणि मराठा विद्या प्रसारक समाज यांची कृषी महाविद्यालये आहेत. कृषीशिवाय उद्यानविद्या, अन्न तंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, वनशास्त्र, जैवतंत्रज्ञान या पदव्यांची माहितीही आधी द्यावी, कारण मुलांनी त्यांची नावे बहुधा पहिल्यांदा त्या यादीतच वाचलेली असतात. ज्याला मूलभूत विज्ञानाची ओढ आहे त्याला पुण्याच्या आयसरची (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेची) वेगळी प्रवेश परीक्षा असते, हे बारावीच्या आरंभीच सांगावे.

प्रवेशानंतरचे पहिले वर्ष

अमेरिकेत स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी १९७२ पासून एक सरकारी कार्यक्रम चालतो, आणि त्याचा सगळा भर महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षावर असतो : शिकवणी, समुपदेशन, थोडे पैसे आणि चौकशी करणारे एक माणूस. आपल्याकडे प्रवेश मिळाला की सत्कार होतो आणि नंतर त्या मुलाची आठवण थेट निकालाच्या वेळी काढली जाते. पहिल्या सत्रात शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, खानावळीचे पैसे थकतात, इंग्रजी पुस्तकातील एक पान वाचायला तास लागतो, आणि भाताच्या कापणीला घरून बोलावणे येते. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांच्या खर्चाची रक्कम गावातील काही जणांनी मिळून आधीच बाजूला ठेवावी आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर ती परत घेऊन पुढच्या मुलासाठी वापरावी. ज्या शिक्षकाने किंवा ताईने येथवर आणले तिने दर पंधरवड्याला फोन करावा, आणि फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय’ असे मोघम न विचारता कोणत्या विषयाचे प्रात्यक्षिक झाले, मेस कोणती लावली, खोलीतील मुले कोठली आहेत, असे विचारावे.

पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला तर घरी परतण्याचा विचार हमखास मनात येतो. तो विषय पुन्हा देता येतो, त्यासाठी कोणता अर्ज कधी भरायचा आणि त्याच विषयात मदत करू शकेल असा वरच्या वर्गातील नाशिककडचा विद्यार्थी कोण, एवढी माहिती मुलाच्या हाती त्याच दिवशी पोहोचली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक कृषी महाविद्यालयात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातून गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे आणि फोन नंबर त्यांच्या संमतीने एका वहीत लिहून ठेवावेत, आणि ती वही दरवर्षी जूनमध्ये नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना दाखवावी.